जी प्लस टू

रिफअतसाहेबांनी पेन्सिलीनं आडवी रेघ ओढली,
म्हणाले, हिच्या वर काही नको.
जी प्लस टू. खजुराच्या झाडाला मान वर करायला लागू नये.

शारजात, रोलाच्या मागच्या बाजूला,
या प्लॉटवर सतरा मजले होते.
आता चारी बाजूंनी निळा पत्रा,
आत वाकलेल्या सळया, कुणाच्या तरी मोरीची गुलाबी टाइल,
आणि वर हे एवढं आकाश,
आपण मोकळे झालो
हे अजून न कळलेलं.

मी सांगितलं नाही साहेबांना
की अकराशे चारमध्ये मी गुणाकार शिकले.
ड्राफ्ट्समननं (बाई असली तरी हाच शब्द)
असलं काही सांगायचं नसतं.
स्केल विचारायचं.
एकास शंभर, ते म्हणाले.

जूनच्या एकवीस तारखेला ऊन इथे बरोबर टाळूवर येतं,
सावली चपलेखाली जाऊन बसते.
म्हणून गल्ली अडीच मीटर, भिंती नऊ,
आणि गल्लीला मध्येच एक वाक:
शमाल धूळ घेऊन घुसला तर तिथे ठेचकाळेल.
दारासमोर दार नको, हे नगरपालिकेच्या मौझाबाईंचं.
तुमच्याकडे पायाला उंबरठा असतो, त्या म्हणाल्या,
आमच्याकडे नजरेला.
मी दार दीड मीटर सरकवलं. घर एकदम शहाणं दिसायला लागलं.

मग मोजायला बसले.
सतरा गुणिले आठ, एकशे छत्तीस बिऱ्हाडं होती.
कितीही दाटीवाटीनं बसवली तरी चव्वेचाळीस बसतात.
उरलेली ब्याण्णव कुठे काढू?
रिफअतसाहेब चष्मा पुसत राहिले.
शीटला मार्जिन असतं ना, म्हणाले,
त्याच्या बाहेर.

मार्जिनच्या बाहेर कुंजुमोन वॉचमन,
ज्याला लिफ्टच्या आवाजावरून कळायचं कोण उतरतंय.
मार्जिनच्या बाहेर पाचव्यावरचे फिलिपिनो भाऊ, सहाजण, दोन खोल्या.
मार्जिनच्या बाहेर आम्हीही असतो. बाबांचा व्हिसा आधी संपला, एवढंच.

सावलीचं मात्र कुणी बोलत नाही.
संध्याकाळी बिल्डिंगची सावली रेतीच्या पार्किंगवर आडवी व्हायची
आणि तिची कड हीच आमची बाउंड्री.
ती दर मिनिटाला लांब जायची,
त्यामुळे सहानंतर कुणालाच सिक्स बसायची नाही.
माझ्या नकाशात सावली घरातच राहते.
चांगलं आहे ते. थंड आहे.
पण तिच्यावर खेळता येणार नाही.

काल साइटवर गेले होते, सर्व्हेअरनं चुना टाकला तेव्हा.
मान वर करून अंदाज घेतला: पस्तीस मीटर, जरा डावीकडे.
तिथे आमचं स्वयंपाकघर आहे अजून.
एक कबुतर ओट्यावरून आलं
आणि फ्रिजमधून आरपार निघून गेलं.

बाराव्यावरून निगारआपा दोरीला डबा बांधून सोडायच्या, शीरखुर्मा.
आई तोच डबा धुऊन वालाचं बिरडं भरायची
आणि दोरी दोनदा ओढायची.
उभ्या घरांचं हे एक बरं असतं,
खाली-वर म्हणजे शेजारच.
आडव्या घरांत दोरी कुठे बांधायची?
म्हणून मी दोन घरांच्या सामाईक भिंतीत
एक आरपार कोनाडा काढला,
पंचेचाळीस बाय पंचेचाळीस, दोन्हीकडून लाकडी झडप.
टीप लिहिली नाही. काय लिहिणार?

आज शीट परत आलं. कोनाड्याभोवती लाल गोल.
बाजूला मौझाबाईंचं अक्षर: पाण्याच्या मीटरसाठी का?

हो, मी लिहिलं.

मीटर तीस सेंटिमीटरचा असतो.
त्याच्या शेजारी जागा उरते. मी डबा मोजून बघितला आहे.